हिरोशिमाचा शनिवार-रविवार: आधी मॅच, मग गाडी, मग भरती

तोक्योत राहणारे आपले लोक हिरोशिमाला जायचं ठरवतात तेव्हा सहसा हॉटेल आधी घेतात, मग शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) आणि सगळ्यात शेवटी "जमलं तर एक बेसबॉलची मॅच बघू" म्हणून तिकिटं शोधायला बसतात. तोवर तिकिटं संपलेली असतात. कधी मिळालीच तर ती रविवार संध्याकाळची असतात, आणि परतीची गाडी मॅच अर्धी असतानाच सुटते. पहिल्या खेपेला मीही हेच केलं. सहा वाजता सुरू झालेल्या मॅचमधून (नऊपैकी) पाचव्या इनिंगला उठले आणि स्टेशनवर पळत असताना मागून आलेल्या गर्जनेवरून कोणीतरी होम रन मारल्याचं कळलं.

या सहलीत तीन वेळा तुमच्या हातात नसतात: मॅच सुरू होण्याची, शेवटच्या गाडीची आणि मियाजिमा बेटाच्या समुद्राला भरती येण्याची. बाकी सगळं या तिन्हींभोवती बसवायचं. खालचे टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत, तो क्रम उलटा करू नका.

टप्पा 1: वेळापत्रकातून शनिवार निवडा

जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये 12 संघ आहेत, सेंट्रल आणि पॅसिफिक लीगमध्ये सहा-सहा. मार्चअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात या काळात प्रत्येक संघ 143 सामने खेळतो. सामने बहुधा तिनाच्या मालिकेत असतात, मंगळवार ते गुरुवार आणि शुक्रवार ते रविवार. सोमवारी शक्यतो सुट्टी. म्हणजे हिरोशिमाचा संघ, कार्प, घरच्या मैदानावर असेल त्या आठवड्याच्या शेवटी तुम्हाला तीन मॅचमधून निवड करता येते.

त्यातली शनिवारचीच घ्या. शुक्रवारच्या मॅचसाठी रजा टाकावी लागते. रविवारची दुपारची चालते, पण ती लांबली की परतीच्या गाडीचा घोर लागतो आणि मियाजिमाचा दिवसही हातचा जातो.

वेळापत्रकात तारखेशेजारी दोन गोष्टी बघा. एक, सुरू होण्याची वेळ. वसंतात आणि शरदात शनिवार-रविवारच्या मॅच दुपारी दीड-दोनला असतात. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हामुळे त्याच मॅच संध्याकाळी सहाला जातात. दोन, मैदानाचं नाव. कार्पची "घरची" मॅच क्वचित जिल्ह्यातल्या दुसऱ्या गावीही होते. तुम्हाला हवं आहे ते मझदा झूम-झूम स्टेडियम, हिरोशिमा स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवरचं.

महिन्यांबद्दल माझं मत: एप्रिलचा उत्तरार्ध, मेचा मध्य आणि सप्टेंबरचा शेवट. 3 ते 5 मे टाळा. त्या दिवसांत शहरात फ्लॉवर फेस्टिव्हल असतो आणि गोल्डन वीकची, म्हणजे सलग सुट्ट्यांची, गर्दी वेगळी. 6 ऑगस्टच्या आसपास शांतता स्मृतिदिनामुळे हॉटेलं भरलेली असतात. जून ते मध्य जुलै पावसाळा, तिथला त्सुयु. आपल्या आषाढासारखा कोसळत नाही, पण मॅच बुडवायला पुरतो, कारण या स्टेडियमवर छत नाही.

> तपासा: तारीख, वेळ, मैदान आणि प्रतिस्पर्धी या चार गोष्टी कागदावर लिहिल्या का? अजून काहीही बुक करू नका.

टप्पा 2: तिकीट हातात आल्याशिवाय पुढे जायचं नाही

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे. कार्पच्या घरच्या मॅचची तिकिटं मोसमाआधीच, मार्चच्या सुमारास, पूर्ण वर्षाची एकदम विक्रीला येतात. मैदानात माणसं मावतात साधारण 33 हजार आणि अख्खं शहर त्या तिकिटांच्या मागे असतं. हानशिन टायगर्स किंवा योमिउरी जायंट्सविरुद्धचे शनिवार सगळ्यांत आधी संपतात. "महिनाभर आधी बघू" हा हिशेब इथे चालत नाही.

मार्चमध्ये जमलं नाही तर या क्रमाने प्रयत्न करा:

1. क्लबची अधिकृत तिकीट साइट रोज एकदा उघडा. परत आलेली एखाद-दुसरी जागा मधूनच दिसते. दोन जागा शेजारी मिळत नसतील तर सुट्या घ्या. मॅचभर लोक उठून फिरत असतातच.
2. क्लबने मान्य केलेली पुनर्विक्री. विकत घेण्याआधी ती खरंच अधिकृत आहे ना, हे क्लबच्या पानावरून पडताळा.
3. पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांचा विभाग, डाव्या बाजूचा "व्हिजिटर परफॉर्मन्स". इथे तिकीट मिळण्याची शक्यता थोडी जास्त. मात्र तिथे बसून कार्पचा लाल शर्ट घालायचा नाही.

> सावध: छापील किमतीपेक्षा चढ्या दराने तिकीट विकण्याविरुद्ध जपानमध्ये 2019 पासून कायदा आहे. परदेशी पर्यटकांसाठी म्हणून चौपट दराने तिकीट देणाऱ्या साइटवर घेतलेलं तिकीट गेटवर अडवलं जाऊ शकतं. वानखेडेबाहेर उभे असतात तसे काळाबाजारवाले इथे स्टेडियमबाहेर शोधत फिरू नका.

जागा निवडताना तीन-चार जपानी शब्द ओळखता यायला हवेत. नाइया म्हणजे इनफिल्ड, खेळपट्टीच्या जवळच्या बाजू. गाइया म्हणजे आउटफिल्ड, सीमारेषेकडची. शितेइ-सेकी म्हणजे राखीव जागा, जियू-सेकी म्हणजे जो आधी येईल त्याची. या मैदानात कार्पचं बाकडं पहिल्या बेसच्या बाजूला आहे आणि पाहुण्यांचं तिसऱ्या. पहिल्यांदा जाणाऱ्याने नाइयात, पहिल्या बेसच्या बाजूला राखीव जागा घ्यावी. खेळ समजतो आणि आजूबाजूचे आजी-आजोबा काय चाललंय ते हातवारे करून सांगतात. ज्यांना खेळापेक्षा दंगा हवा आहे त्यांनी पाठीराख्यांच्या गटाजवळ बसावं, पण तिथे आपला संघ फलंदाजी करत असताना खाली बसता येत नाही, एवढं धरून चला.

खातं उघडताना बहुतेक ठिकाणी जपानी मोबाइल नंबर आणि नावाचं काताकाना या जपानी लिपीतलं स्पेलिंग लागतं. तुमच्या निवासपत्रावर, बँकेत आणि इथे नाव एकाच पद्धतीने लिहा. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचं तिकीट तुम्हीच तुमच्या खात्यावरून काढा.

> तपासा: तिकीट फोनवर आहे, की कन्व्हिनियन्स स्टोअरमधल्या मशीनवरून छापून घ्यायचं आहे? छापायचं असेल तर मुदत काय? ती उलटली की पैसे भरलेले असूनही हात रिकामे.

टप्पा 3: शिंकान्सेन, आणि रविवारची शेवटची गाडी

तोक्यो ते हिरोशिमा नोझोमीने (सगळ्यात वेगवान शिंकान्सेन) चार तासांच्या आत-बाहेर, एका बाजूचं राखीव तिकीट साधारण 19-20 हजार येन. शिन-ओसाकाहून दीड तासाच्या आत.

हिरोशिमाहून तोक्योला जाणारी शेवटची नोझोमी रात्री आठच्या सुमारास सुटते. मध्यरात्री ते सकाळी सहा शिंकान्सेन धावतच नाही, त्यामुळे ती चुकली की सोमवारी ऑफिसला दांडी. रविवारची परतीची गाडी त्या शेवटच्या गाडीच्या किमान एक तास आधीची घ्या. ओसाका-कोबेच्या मंडळींना मात्र सवलत; त्यांच्या गाड्या दहाच्या पुढेही असतात.

बेसबॉलला षटकं ठरलेली नसतात. नऊ इनिंग साधारण तीन तास-सव्वातीन तासांत होतात. बरोबरी झाली तर 12 इनिंगपर्यंत जातं आणि तिथे अनिर्णित म्हणून संपवतात. उलट, यजमान संघ नंतर फलंदाजी करतो आणि आधीच पुढे असेल तर त्याची नववी खेळवलीच जात नाही. दोनच्या मॅचसाठी डोक्यात "सव्वापाच, फार तर साडेसहा" असं धरा.

बदलता येईल असंच तिकीट काढा. स्मार्ट-ईएक्ससारख्या अ‍ॅपमध्ये गाडी सुटण्याआधी साध्या राखीव तिकिटाची वेळ बदलता येते. लवकर काढलेल्या सवलतीच्या तिकिटाला अशी मोकळीक नसते. परतीच्या प्रवासासाठी मी सवलत सोडून देते.

सात दिवसांचा जपान रेल पास 2023 च्या ऑक्टोबरपासून 50 हजार येन झाला. निव्वळ या सहलीसाठी तो परवडत नाही, आणि नोझोमीसाठी त्यावर वेगळे पैसे भरावे लागतात ते निराळेच. भारतातून आलेल्या पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवा, ते पास घेऊनच उतरतात.

> सावध: लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर सामानाची जागा असलेली सीट आधीच राखून ठेवावी लागते, नाहीतर 1000 येन दंड. आई-बाबांची मोठी बॅग घरीच ठेवा. दोन दिवसांना पाठीवरची पुरते.

एक हौसेची गोष्ट. जाताना ई सीट घेतली तर फुजी दिसतो (आकाश स्वच्छ असेल तर), ए घेतली तर हिरोशिमात शिरताना डावीकडे स्टेडियम दिसतं. दोन्ही हवं असेल तर शेजाऱ्याशी गोडीत राहा.

टप्पा 4: हॉटेल

फार विचार करू नका. स्टेशनजवळ, नाहीतर शहरातल्या हाच्चोबोरी भागाच्या आसपास. पहिलं मॅच आणि मियाजिमासाठी बरं, दुसरं खाण्या-फिरण्यासाठी. मोफत रद्द करता येईल असंच घ्या, कारण मॅच कोरडी जाईल की नाही हे फक्त आकाशाला माहीत.

टप्पा 5: रविवारचा क्रम समुद्राला विचारून ठरवा

मियाजिमाच्या इत्सुकुशिमा मंदिराची लाल तोरी, म्हणजे ते 16.6 मीटर उंचीचं महाद्वार, फोटोत पाण्यावर तरंगताना दिसते. प्रत्यक्षात गेलेले निम्मे लोक चिखलात उभी असलेली तोरी बघून हिरमुसतात. दोष तोरीचा नाही, वेळेचा.

मियाजिमाच्या पर्यटन संस्थेच्या साइटवर वर्षभराचं भरती-ओहोटीचं कोष्टक असतं. तुमच्या तारखेला बघा: पातळी 250 सेंटिमीटरच्या वर असेल तर तोरी तरंगल्यासारखी दिसते, 100 च्या खाली असेल तर पायी तिच्या बुडापर्यंत जाता येतं. मधल्या वेळी यातलं काहीच धड होत नाही.

कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती. हिरोशिमाच्या आखातात उधाणाच्या दिवसांत भरती सकाळी नऊ-दहाच्या सुमारास येते आणि ओहोटी दुपारी तीन-चारला. म्हणजे पौर्णिमेच्या आगेमागे जाणारा एकाच दिवसात दोन्ही रूपं बघू शकतो. अष्टमीच्या रविवारी मात्र पाणी धड चढतही नाही आणि उतरतही नाही. दोन शनिवार सारखेच सोयीचे असतील तर पंचांग काढा आणि तिथीवरून ठरवा. ऑफिसातल्या जपानी सहकाऱ्यांना मी ही युक्ती सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

आता क्रम:

- भरती सकाळी: आठच्या आधी निघा. हिरोशिमा स्टेशनवरून जेआर सान्यो लाइनने मियाजिमागुची सुमारे 27 मिनिटं, तिथून फेरी 10 मिनिटं. दुपारी शहरात परत येऊन शांतता स्मृती संग्रहालय.
- भरती दुपारी: सकाळी संग्रहालय, मग मियाजिमा, आणि तिथून थेट स्टेशनवर.

संग्रहालयाचं तिकीट 200 येन. सकाळी साडेसातला उघडतं, पण पहिल्या तासासाठी आणि बंद होण्याआधीच्या वेळेसाठी ऑनलाइन वेळ राखावी लागते. तो पहिला तास राखाच. नंतर इतकी गर्दी होते की काचेपर्यंत पोचायला रांग लागते. आत दोन तास धरा.

> सावध: संग्रहालय मॅचच्या आधी ठेवू नका. जळालेला डबा, मुलांचे कपडे बघून बाहेर आलेला माणूस तासाभरात ढोल-तुताऱ्यांमध्ये बसू शकत नाही, आणि बसू नये. अणुबॉम्ब घुमट आणि उद्यान बाहेरूनच बघायचं असेल तर शनिवारी मॅचनंतर रात्री जा. त्या वेळी तिथे शांत असतं.

फेरीच्या भाड्यावर 2023 पासून प्रत्येकी 100 येन पर्यटक कर लागतो. वाहतूक कार्डाने भरला तर आपोआप कापला जातो. शांतता उद्यानाजवळून थेट मियाजिमाला जाणारी एक बोटही आहे, सुमारे 45 मिनिटांची. ती नदीवरच्या पुलांखालून जाते, त्यामुळे पाणी फार चढलं किंवा फार उतरलं की बंद राहू शकते. तिच्यावर सगळा बेत टांगू नका.

बेटावरची हरणं माणसाळलेली आहेत आणि कागद खातात. माझ्या मैत्रिणीची परतीच्या गाडीची पावती एका हरणाने जागच्या जागी फस्त केली.

टप्पा 6: शनिवार, गाडीतून उतरल्यापासून गेटपर्यंत

दोनच्या मॅचसाठी तोक्योहून सकाळी सातच्या आत निघा. अकराच्या सुमारास पोचाल.

1. आधी सामान. मॅचच्या दिवशी स्टेशनवरचे लॉकर सकाळीच भरतात. खोली मिळायची वेळ झालेली नसली तरी हॉटेल बॅग ठेवून घेतं.
2. मग जेवण, बाराच्या आत. हिरोशिमाची ओकोनोमियाकी म्हणजे पातळ घावन, त्यावर कोबीचा डोंगर, नूडल्स, डुकराचं मांस आणि अंडं, थरावर थर. शाकाहारी मंडळींनी फक्त "निकु नुकी दे" (मांस नको) म्हणून भागत नाही; माशाची पूड आणि काट्सुओबुशी (सुक्या माशाचे पापुद्रे) राहतेच, तीही काढायला सांगा. सॉसमध्ये काय आहे याची खात्री कोणी देणार नाही. कडक शाकाहारी असाल तर धपाटे-चटणी घरून न्या, मी तेच करते. स्टेडियममधला प्रसिद्ध कार्प उदोन (जाड नूडल्स) माशाच्या रश्श्यात असतो, त्याच्याही वाटेला जाऊ नका.
3. एक वाजता स्टेडियमकडे. स्टेशनच्या दक्षिण बाजूने निघा आणि लाल शर्टांच्या मागे चाला; नकाशा लागत नाही.

ट्रामबद्दल: 2025 च्या ऑगस्टपासून ट्राम स्टेशनच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर येते. जुने व्हिडिओ बघून खाली रस्त्यावर थांबा शोधणारे अजून भेटतात. तोक्योचं सुइका हे वाहतूक कार्ड ट्राममध्येही चालतं आणि मियाजिमागुचीच्या लोकलमध्येही.

टप्पा 7: आत गेल्यावर

काचेच्या बाटल्या आणि कॅन आत नेता येत नाहीत. बाहेरचं खाणं चालतं. छत्री उघडायची परवानगी नाही, म्हणून रेनकोट हवाच. टोपी, पाणी, कचऱ्यासाठी एक पिशवी आणि भरलेली पॉवर बँक एवढं पुरतं. फोन मेला तर तिकीटही मेलं.

पहिल्या इनिंगआधी मैदानाला एक पूर्ण फेरी मारा. इथला रुंद मार्ग मैदानाभोवती सलग फिरतो आणि कुठूनही खेळ दिसतो. नंतर गर्दीत हे जमत नाही. शर्ट-टॉवेल घ्यायचे असतील तर आत्ताच घ्या.

क्रिकेटवर पोसलेल्या माणसाच्या ठरलेल्या चुका:

*फाउल चेंडू,* म्हणजे मैदानाच्या रेषेबाहेर मारला गेलेला. क्रिकेटचा चेंडू प्रेक्षकांत येतो तो वरून, अंदाज देत. इथला फाउल सपाट आणि गोळीसारखा येतो. शिट्टी वाजली की आधी मान वर, मग हातातला ग्लास सांभाळायचा. लहान मूल सोबत असेल तर जाळीच्या मागची जागा घ्या.

*भलत्या वेळी ओरडणं.* आपला संघ फलंदाजी करत असताना पाठीराखे गातात, प्रत्येक खेळाडूचं वेगळं गाणं. समोरचा संघ फलंदाजीला आला की गाण्याची पाळी त्यांची. कार्पचे लोक गाताना आळीपाळीने उठाबशा काढतात. तुम्हालाही काढाव्या लागतील.

*इनिंगच्या मध्येच उठणं.* ओव्हर संपेपर्यंत थांबायची आपली रीत इथेही पाळा. फलंदाज मैदानात असताना रांगेतल्या दहा जणांना उठवू नका. आणि सातव्या इनिंगला कार्पची फलंदाजी येण्याआधी संघाचं गाणं होतं, त्या वेळी जागेवर असा.

पाठीवर पिंप घेऊन बिअर विकणाऱ्या मुली जागेवर येतात. हात वर केला की पुरे. रोख आणि कार्ड दोन्ही जवळ ठेवा.

> तपासा: मॅच संपल्यावर लगेच स्टेशनकडे धावू नका. तीस हजार लोक एकाच रस्त्याने निघतात. वीस मिनिटं बसून राहा.

टप्पा 8: पाऊस आला तर

मॅच रद्द झाल्याची घोषणा जपानीत येते, त्यातला चूशी हा शब्द लक्षात ठेवा. सकाळीच क्लबच्या साइटवर बघत राहा. कधी दुपारपर्यंत निर्णय होत नाही.

रद्द झालेल्या मॅचचं तिकीट बदली तारखेला चालत नाही. तिकिटाचे पैसे परत मिळतात, पण ठरलेल्या मुदतीत मागावे लागतात, आणि कागदी तिकीट असेल तर ते धड अवस्थेत दाखवावं लागतं. पाच इनिंग पूर्ण होऊन पावसाने थांबली तर ती मॅच झालेली धरतात. पैसे परत नाहीत.

म्हणून शनिवारचा राखीव बेत आधीच ठरवून ठेवा. संग्रहालय शनिवारी दुपारी सरकवा आणि रविवार सगळा मियाजिमाला द्या. रविवारच्या मॅचचं तिकीट आयत्या वेळी मिळेल या आशेवर दुसरा दिवस मोडू नका. कार्पची तिकिटं अशी मिळत नाहीत, आणि मिळालंच तर परतीच्या गाडीची वेळ आधी बघा.